भिंतीवरचे लाकडी चाक

वेंगुर्ले,
नागपंचमी

चि. मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. पावसाने धार धरली आहे, कारखान्यातली वाळूदेखील दमट झाली आहे आणि ओतकाम आठवडाभर बंद आहे, त्यामुळे तुला सविस्तर उत्तर लिहिण्यास सवड मिळाली.

मे महिन्यात तू कारखान्यात येऊन गेलीस, तेव्हा भिंतीवर टांगलेल्या लाकडी चाकासमोर बराच वेळ उभी होतीस आणि ‘हे कुठल्या गाडीचे?’ एवढे विचारून गप्प झालीस. भट्टी पेटलेली होती, म्हणून मी ‘बुगाटीचे’ इतकेच सांगून कामाला लागलो. आता तू लिहिले आहेस की तेव्हापासून जुन्या मोटारींचे वेड लागले आहे आणि पॉलिटेक्निकचा डिप्लोमा सोडून मुंबईत जुन्या गाड्या पूर्ववत करणाऱ्या एखाद्या गॅरेजात शिकाऊ म्हणून राहावे असे वाटते. तुझ्या आईला हे मुळीच पसंत नाही, आणि तिची समजूत मी काढावी अशी तुझी इच्छा दिसते. तिच्याशी काय बोलायचे ते नंतर पाहू. आधी त्या चाकाची हकिकत वाच.

गोष्ट १९६८ सालची आहे. मी अकरा वर्षांचा होतो आणि आपला भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ मध्ये. माझे वडील सुतार. दारे-खिडक्या, देव्हारे, कधी एखाद्या होडीची कुजलेली फळी बदलणे अशी कामे ते करीत, पण पंचक्रोशीत त्यांचे नाव होते ते बैलगाडीच्या चाकांसाठी. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि कडेचे वळणदार पुठ्ठे त्यांच्या हातचे आणि वर चढवायचे लोखंडी कडे, म्हणजे धाव, शेजारच्या लोहाराची. धाव चढवण्याचा दिवस आम्हा मुलांना सणासारखा वाटे. शेणी आणि लाकडे रचून धाव लाल होईपर्यंत तापवायची, तिघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, घणाचे ठोके घालायचे आणि लगेच घागरींनी पाणी ओतायचे. निवताना धाव आवळते आणि चाकाचे सगळे सांधे करकरत एकमेकांत घट्ट बसतात. ही धाव ध्यानात ठेव, कारण तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

त्या वर्षी शिमगा झाल्यावर मुंबईच्या एका गृहस्थांनी आपली जुनी मोटार ट्रकातून आणून आमच्या वाडीतल्या मांगरात, म्हणजे शेतीचे सामान ठेवायच्या खोपीत, ठेवली. त्यांचे आजोळ आमच्याकडचे, आणि मुंबईतली भाड्याची जागा त्यांना सोडावी लागली होती. गाडीला तीनच चाके होती; चौथ्याच्या जागी चिरे रचून टेकू दिला होता. तो टेकू काढून भक्कम लाकडी घोडी बसवायची होती म्हणून वडिलांना बोलावणे आले, आणि पट्टी व ओळंबा धरायला मी सोबत गेलो.

मांगरात एका बाजूला पेंढा, दुसऱ्या बाजूला नांगर आणि मधोमध ती गाडी. कौलांमधल्या काचेतून आलेला उन्हाचा पट्टा तिच्या तोंडावर पडला होता. छप्पर नाही, दरवाजा नाही, मागे निमुळते होत गेलेले अंग, पुढची जाळी घोड्याच्या नालेच्या आकाराची, बॉनेटवर चामड्याचा पट्टा आवळलेला आणि गिअरची दांडी चक्क बाहेरच्या अंगाला. निळा रंग जागोजागी उडाला होता. जिथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या अंगात शिरत होते, तिथे प्रत्येक बोल्टाभोवती चुन्यासारखी पांढरी भुकटी जमली होती. खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांतला एक दुसऱ्यापायी झिजतो, हे मला फार पुढे कळले; त्या दिवशी मी ती भुकटी बोटाने उचलून जिभेला लावून पाहिली आणि वडिलांची चपराक खाल्ली.

गाडीचे नाव बुगाटी टाइप ३५, हे त्या गृहस्थांनी सांगितले. बाकीचे मी पुढे वाचून जमवले. फ्रान्समधील आल्सास प्रांतात मोल्सहाइम नावाच्या गावी एत्तोरे बुगाटी यांचा कारखाना होता, आणि १९२४ च्या ऑगस्टमध्ये ल्यों येथे झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये हा नमुना प्रथम उतरला. इंजिन १९९१ घनसेंटिमीटरचे, आठ सिलिंडर एका रांगेत आणि प्रत्येकाला तीन व्हॉल्व्ह. पहिल्याच शर्यतीत टायरांनी दगा दिला; परंतु पुढे १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे सिसिलीच्या डोंगरी रस्त्यांवरची टार्गा फ्लोरिओ ही शर्यत बुगाटीच्याच गाड्यांनी जिंकली. मला या सगळ्याहून महत्त्वाची वाटते ती एक घरगुती गोष्ट. एत्तोरे यांचे वडील कार्लो हे मिलानचे नामांकित फर्निचर कारागीर होते आणि भाऊ रेम्ब्रांट प्राण्यांची शिल्पे घडवीत असे. हे मला कळले तेव्हा माझे वडील हयात नव्हते, याची हळहळ मला आजही आहे. मांगरात शिरल्यावर त्यांनी इंजिनाकडे पाहिलेच नाही. ते पुढच्या आसापाशी गुडघ्यांवर बसले. त्या गाडीत स्प्रिंगांच्या पट्ट्या आसाच्या वरून किंवा खालून न नेता आसाच्या अंगातच चौकोनी भोक ठेवून त्यातून आरपार नेल्या आहेत. वडिलांनी भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘ह्या काम सुताराचा आसा रे.’

मग त्यांचे लक्ष चाकांकडे गेले. त्या काळच्या बहुतेक शर्यतीच्या गाड्यांना तारांच्या आऱ्यांची चाके असत. या गाडीची चाके ॲल्युमिनियमची होती, तुंबा आणि आठ रुंद चपटे आरे एकाच वेळी ओतलेले. ब्रेकचा ड्रमही चाकालाच जोडलेला, त्यामुळे चाक उतरवले की ड्रम सोबत निघतो आणि ब्रेक तपासायला मोकळे होतात. चौथ्या चाकाचा एक आरा तुटला होता. उरलेली तीन चाके कितपत धड आहेत ते पाहायचे म्हणून त्या गृहस्थांनी मला घरातून रॉकेल आणि खडू आणायला धाडले.

पुढचे मी तुला जसे घडले तसे सांगतो, कारण माझा धंदा त्या तासाभरात ठरला. त्यांनी एक चाक उतरवून पाटावर आडवे ठेवले, रॉकेलने माखले आणि तसेच राहू दिले. मग सुक्या फडक्याने इतके पुसले की हाताला ओशटपणा लागेना. खडूची वस्त्रगाळ पूड चाकावर भुरभुरली, फुंकर घालून जास्तीची उडवली आणि मला म्हणाले, ‘आता नुसता बघत बस.’ मी बसलो. बराच वेळ काही झाले नाही. मग एका आऱ्याच्या मुळाशी, जिथे तो तुंब्याला मिळतो तिथे, पांढऱ्या पुडीवर केसाएवढी करडी रेघ उमटली आणि पाहता पाहता बोटाच्या पेराएवढी लांबली. धातूतल्या फटीत शिरलेले रॉकेल खडूने ओढून घेतले होते. मी त्याच जागेवरून काही वेळापूर्वी बोट फिरवले होते आणि मला काही लागले नव्हते. माझ्या अंगावर काटा आला. आज याच कामाला रंगीत द्रव आणि पांढऱ्या पावडरीचे फवारे डब्यात मिळतात, तू ते प्रयोगशाळेत पाहिले असशील. तत्त्व तेच आहे.

त्या गृहस्थांना गाडी पळवायची नव्हती, ती चार चाकांवर उभी राहावी एवढेच त्यांना हवे होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ॲल्युमिनियम ओतून मिळेल, वाळूत साचा उठवायला लागणारा लाकडी नमुना मात्र आपण द्यायचा, असे ठरले. फाउंड्रीच्या भाषेत त्याला पॅटर्न म्हणतात हे वडिलांना माहीत नव्हते, पण चाक करायचे म्हटल्यावर त्यांनी विचार न करता होकार दिला. शिवणीचे लाकूड घेतले, हलके आणि सहसा न वाकणारे. बाहेरचे कडे त्यांनी बैलगाडीच्या पुठ्ठ्यांप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी, तीन थरांत, खालचा सांधा वरच्या सांध्याखाली येणार नाही असे रचले. पॅटर्नच्या दुकानांत गोल काम नेमके याच रीतीने करतात हे मी पुढे शिकलो. वडिलांना ते कोणी शिकवले नव्हते. तुटलेल्या चाकावरून त्यांनी प्रत्येक माप घेतले, १९ इंचांचा व्यास सुताच्या दोऱ्याइतकाही चुकू दिला नाही, आणि वर लाखेचे पॉलिश चढवले.

एप्रिलमध्ये आम्ही तो नमुना गोणपाटात बांधून सावंतवाडी, आंबोली घाट, आजरा, गडहिंग्लज असा एस.टी.चा प्रवास करून कोल्हापूरला नेला. फाउंड्रीतल्या मिस्त्रींनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, सुतारकामाची मनापासून तारीफ केली आणि विचारले, ‘अलाउन्स धरलाय ना?’ वडिलांनी तो शब्द पूर्वी ऐकला नव्हता. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि मान डोलावली.

पंधरा दिवसांनी चाक आले. दिसायला देखणे होते, पण टायर चढवायला घेतला तर तो सैल. आऱ्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. वडिलांनी पट्टी लावली, पुन्हा लावली. चाक पाव इंचाने लहान होते. ते त्या रात्री जेवले नाहीत. पहाटे त्यांनी मला उठवून लोहाराच्या अंगणात नेले, तिथे भिंतीला टेकून ठेवलेल्या धावेवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘धाव निवली की आवळता. मगे ह्यो रस कित्याक आवळूचो नाय? ह्या माका कळाक व्हया होता.’

मुली, या वाक्याचा मी जन्मभर विचार करीत आलो आहे. धातू निवताना आवळतो या एका गोष्टीवर ज्या माणसाने उभ्या आयुष्याची भाकरी मिळवली, त्याला तीच गोष्ट दुसऱ्या अंगणात ओळखू आली नाही. यात त्यांची बुद्धी कमी पडली असे मी मानत नाही. आपण एखादी गोष्ट ज्या कामात शिकतो त्या कामाच्याच खुंटीला ती टांगून ठेवतो, आणि दुसऱ्या कामाला जाताना ती बरोबर नेत नाही. तुझ्या पुस्तकात आकुंचनाचे कोष्टक एका प्रकरणात आहे आणि उष्णतेने होणारे प्रसरण दुसऱ्या. परीक्षेतही ते वेगवेगळ्या पेपरांत येते. ही दोन प्रकरणे एकत्र वाचायची सवय तुला स्वतःच लावून घ्यावी लागेल. त्याहूनही मोठी चूक त्या मान डोलावण्यात होती. मिस्त्री भले माणूस होते. ‘अलाउन्स म्हणजे काय?’ असे विचारले असते तर त्यांनी जागच्या जागी समजावले असते. मुलासमोर आपण अडाणी ठरू नये म्हणून वडील गप्प राहिले, आणि ज्या मुलासमोर त्यांना मान राखायचा होता त्याच मुलाने ते सगळे पाहिले.

मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी वडिलांनी विचारले. मिस्त्रींनी खणातून एक पोलादी पट्टी काढून आमच्या पट्टीशेजारी ठेवली. दोन्हींवर इंचच होते, पण त्यांच्या पट्टीवरचा इंच आमच्या इंचापेक्षा किंचित मोठा होता. तिला कॉन्ट्रॅक्शन स्केल म्हणतात. ओतीव लोखंड निवताना फुटामागे साधारण अष्टमांश इंच आवळते, ॲल्युमिनियम त्याहून अधिक, म्हणजे मीटरला सुमारे १३ मिलिमीटर, आणि पितळ त्याहूनही अधिक. म्हणून ज्या धातूचे काम असेल त्या धातूची पट्टी घेऊन नमुना करायचा, म्हणजे हिशेब न करताच तो हवा तेवढा मोठा होतो; हा वाढीव भाग म्हणजेच अलाउन्स. १९ इंचांवर ॲल्युमिनियमचा हिशेब कर, बरोबर पाव इंच निघेल. शिवाय नमुन्याच्या उभ्या कडांना एक-दोन अंशांचा उतार द्यायचा, तो नसेल तर नमुना उचलताना वाळू ढासळते. जिथे यंत्रावर कातकाम व्हायचे असेल तिथे वेगळा जाडसरपणा ठेवायचा. आणि आरा जिथे तुंब्याला मिळतो त्या कोपऱ्यात मेणाने गोलाई भरायची, कारण तुंबा जाड असल्याने उशिरा निवतो, आरा पातळ असल्याने आधी घट्ट होतो, दोघांची ओढाताण त्या कोपऱ्यात होते आणि कोपरा धारदार असेल तर तडा तिथूनच सुरू होतो.

मी एकदम म्हणालो, ‘खडूवर रेघ तिथेच आली होती.’ मिस्त्रींनी माझ्याकडे वळून पाहिले आणि कुठली रेघ ते विचारले. मी मांगरातली सगळी हकिकत सांगितली. ते ऐकत राहिले, मग मला भट्टीजवळ नेऊन वाळूची पेटी कशी ठासतात ते त्यांनी दाखवले. निघताना त्यांनी वडिलांना बजावले की हे चाक उभे करण्यापुरतेच आहे, यावर गाडी रस्त्यावर नेऊ नका. असे चाक धावण्यासाठी करायचे तर धातूची निवड, उष्णतेचे संस्कार आणि तपासणी यांचे वेगळे काम असते. हा सल्ला त्यांना कोणी मागितला नव्हता, तरी त्यांनी तो दिला, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आजही आदर आहे.

दुसरे चाक बरोबर बसले. वडिलांनी दुसऱ्या नमुन्याच्या तुंब्याच्या आतल्या अंगाला ‘६८’ हे आकडे कोरले होते, ते चाकातही उमटले. फसलेला पहिला नमुना त्यांनी जाळला नाही, घरी खुंटीला टांगला. तू पाहिलेस ते चाक हेच. गाडी पावसाळ्यानंतर परत गेली. ती चालू झालेली मी पाहिली नाही, तिच्या इंजिनाचा आवाजही ऐकला नाही.

म्हणून सांगतो, मला वेगाने झपाटले नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी गाडीची गोष्ट सांगे तेव्हा ते विचारीत, ‘किती पळते?’ आणि मला उत्तर देता येत नसे. माझ्या मनात दोनच प्रश्न होते: हे ओतले कसे असेल, आणि वरून न दिसणारे आत काय असेल. मॅट्रिकनंतर मी आय.टी.आय.ला पॅटर्नमेकरचा ट्रेड घेतला, घाटावर शिकाऊ उमेदवारी केली, तेरा वर्षे वेगवेगळ्या फाउंड्रींत नोकरी केली आणि मग गावी परत येऊन स्वतःचे दुकान थाटले. पोट भरले ते पाण्याच्या पंपांच्या अंगांवर, तेलघाण्याच्या भागांवर, आणि सगळ्यांत जास्त मच्छीमारांच्या ट्रॉलरच्या पंख्यांवर. जुन्या मोटारींचे काम आले ते वर्षाकाठी एखादे, काही वर्षे तेही नाही. तू ज्या गॅरेजांची स्वप्ने पाहतेस तिथे कामे थोडी, मालक हौशी आणि पैसे उशिरा येणारे असतात. तरीही ते काम करण्यासारखे आहे, पण हातात एखादी अशी कला घेऊन जा, जिच्यावर त्या गाड्यांवाचूनही घर चालेल.

आता एक गोष्ट, जी मी फार थोड्यांना सांगितली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला ॲल्युमिनियमच्या एका झाकणाचा पॅटर्न करायला दिला होता. घाईत मी लोखंडाची पट्टी उचलली. चारशे मिलिमीटरच्या लांबीवर सुमारे एक मिलिमीटरचा फरक पडला, म्हणजे डोळ्यांना दिसणार नाही इतका. पण कातकामाला गेल्यावर चाळीस झाकणे नापास झाली. ठपका मोल्डरवर आला, त्याने पेटी नीट ठासली नाही असे ठरले आणि त्याचा पगार कापला गेला. चूक माझी आहे हे मला पट्टी पाहताच समजले होते. मी दोन दिवस बोललो नाही. वडिलांनी ज्या भीतीने मान डोलावली, त्याच भीतीने मी मान खाली घातली. तिसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितले, मोल्डरचा पगार त्याला परत मिळाला, त्याची मी माफी मागितली आणि त्यानेही मला चहा पाजला. पण ते दोन दिवस माझ्या हिशेबात कायम शिल्लक आहेत. तेव्हापासून प्रत्येक पॅटर्नच्या पाठीवर मी धातूचे नाव आणि वापरलेली पट्टी रंगाने लिहितो. माझ्या दुकानात तू पाहिलेली ती लाल-पिवळी अक्षरे सजावटीची नाहीत.

डिप्लोमा सोडू नकोस. तुला तिथे शिकवतात त्यातले पुष्कळसे कोरडे वाटते हे मी समजू शकतो, पण धातुशास्त्र आणि मोजमापशास्त्र हे दोन विषय मला शिकायला मिळाले नाहीत आणि त्यांची उणीव मी वीस वर्षे चुका करून भरून काढली. संगणकावर नकाशे काढण्याचा तुझा हात चांगला आहे, तेही सोडू नकोस. तू लिहिले आहेस की आता जुना भाग स्कॅन करून त्याचा पॅटर्न थेट यंत्रावर छापता येतो. बरोबर आहे, मीही गेल्या काही वर्षांत असे पॅटर्न करून घेतले आहेत. मात्र स्कॅनर तुला भाग आज जसा आहे तसा देतो. शंभर वर्षे वापरलेले भोक लांबट झालेले असते, तापून तापून कड वाकलेली असते, कुणा जुन्या मिस्त्रीने कानस मारून एक बाजू खाली नेलेली असते. हे सगळे स्कॅनर इमानदारीने उतरवून घेतो. मूळ कारागिराच्या मनातले माप कोणते होते, हे ठरवायला समोरासमोरच्या दोन कडा, जोडीचा भाग, बोल्टांच्या भोकांमधले अंतर हे सगळे हाताने ताडून पाहावे लागते. आणि कोणत्या धातूचे किती आकुंचन धरायचे हे यंत्राला तूच सांगणार आहेस. तूच लोखंडाचा आकडा घातलास तर ते बिनतक्रार चाळीस झाकणे चुकवील.

सुट्ट्यांमध्ये मुंबईला धावण्यापूर्वी आपल्या किनाऱ्यावरच फिर. सावंतवाडीत लाखेची खेळणी कातणारे लोक फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात आणि केवळ घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवतात. तो दाब किती, हे बोटांना कसे कळते ते त्यांच्याजवळ बसून पाहा. मालवणच्या बंदरावर जाऊन ट्रॉलरचा जुना पितळी पंखा कुणाकडून मागून घे आणि त्याच्या पात्याची कड घास. पिवळ्या पितळेऐवजी लालसर, सच्छिद्र तांबे दिसले तर समज की समुद्राच्या पाण्याने त्यातले जस्त खाल्ले आहे. असा पंखा वरून अखंड दिसतो आणि भर समुद्रात पाते टाकतो. जुन्या मोटारीच्या पितळी भागांतही हा रोग असतो. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला गंज जेवढा जवळून पाहायला मिळतो तेवढा पुण्या-बेंगळुरूच्या माणसाला मिळत नाही, आणि जुन्या गाड्यांचे निम्मे काम गंजाशीच असते. ही तुझी घरची शाळा आहे.

आणखी एका गोष्टीबद्दल मला फार कळकळीने सांगायचे आहे. जुन्या गाड्यांना आता मोठा भाव येतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले, त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि मूळ स्वरूप राखलेल्या गाडीलाच तो मान आहे. भाव आला की लबाडीही येते. अर्जेंटिनात एक कारखाना टाइप ३५ च्या प्रतिकृती आजही नव्याने घडवतो, आणि त्या प्रतिकृती म्हणूनच विकतो. त्यात काहीच गैर नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा नवा भाग जुना म्हणून खपवला जातो. माझ्याकडे एकदा एक गिऱ्हाईक आले आणि जुन्या भागावरचा क्रमांक नव्या ओतकामात जसाच्या तसा उमटवून द्या म्हणू लागले. मी ते काम परत केले. तू घडवलेल्या प्रत्येक भागावर, दर्शनी अंगाला नको असेल तर आतल्या अंगाला, वर्ष कोर. तुटलेला मूळ भाग भंगारात देऊ नकोस, चिठ्ठी बांधून मालकाच्या हवाली कर. पन्नास वर्षांनी कुणी ती गाडी उघडील तेव्हा त्याला काय जुने आणि काय नवे हे विचारायला तू तिथे नसशील.

आईशी मी बोलेन. तिची काळजी पैशांची आहे आणि मुंबईत एकटीने राहण्याचीही आहे. दोन्ही काळज्या खऱ्या आहेत, तेव्हा त्यांना तुच्छ लेखून उत्तर देऊ नकोस. डिप्लोमा पुरा झाल्यावर एक वर्ष कोल्हापुरात उमेदवारी कर, असे मी तिला सुचवणार आहे. ज्या मिस्त्रींनी आम्हाला ती पट्टी दाखवली त्यांचा नातू आता तिथली फाउंड्री पाहतो, त्याला मी तुझ्याविषयी लिहीन. तिथे पहिल्या दिवसापासून कुणी काही शब्द वापरला आणि तो तुला कळला नाही, तर तिथल्या तिथे विचार. चार माणसे हसली तरी विचार.

गणपती झाले, पाऊस ओसरला की चार दिवस इकडे ये. भिंतीवरचे चाक मी उतरवून ठेवतो. त्याचा व्यास, आऱ्यांची जाडी, कडांचा उतार, कोपऱ्यांची गोलाई, सगळे तू स्वतः मोजायचे आणि ते ओतले तर कुठे कुठे बिघडेल याचा कागद मला लिहून द्यायचा. येताना एक साधी पोलादी पट्टी आणि जाड पुठ्ठ्याची वही घेऊन ये. रॉकेल आता सहज मिळत नाही, त्याची सोय मी करतो. खडू तू आण.

तुझा शुभचिंतक